दोन वर्षांचं नको, त्या दहा मिनिटांचं सांग

पत्र एका माजी धावपटूचं आहे. नाव छापू नका म्हणालाय, आणि ओळख पटेल असे बाकीचे डिटेल्स मीही काढून टाकलेत. थोडक्यात सांगते. हा एके काळी ८०० मीटरमध्ये देशात पहिला होता, पेपरात फोटो, जाहिराती, रस्त्यात लोक थांबवून हात मिळवायचे. एका सत्काराच्या पार्टीनंतर दारू पिऊन गाडी चालवली आणि नाईट शिफ्ट संपवून सायकलवर घरी चाललेल्या एका माणसाला उडवलं. तो माणूस वाचला पण पाय कायमचा अधू झाला. याला शिक्षा झाली, दोन वर्षं एक महिना आत काढला, बाहेर येऊन आता चार महिने झालेत. जुन्या कोचनी त्याला बोलावलंय, ट्रॅकवरच्या मुलामुलींसमोर 'तुरुंगाने मला काय शिकवलं' या विषयावर बोल म्हणून. बायको म्हणते जा, मन हलकं होईल. बहीण म्हणते झालं तेवढं पुरे, पुन्हा कशाला तमाशा. आणि हा मला विचारतो, "ताई, खरं सांगू का, मी काय शिकलो तेच मला कळत नाहीये. काय बोलू? की जाऊच नको?"

भाऊ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, आणि तिसऱ्यांदा फक्त एकच गोष्ट शोधत वाचलं, ती कुठली ते सांगते, जरा थांब.

आधी हे सांगू दे की तू लिहिलंयस फार मनापासून. बुटांच्या नाड्या काढून घेतल्या तो प्रसंग, त्याच नाड्या ज्या तू प्रत्येक रेसच्या आधी दोनदा सोडून पुन्हा बांधायचास, त्या एका पाकिटात टाकून वर तुझं नाव लिहिलं आणि मग तू पायातून निसटणारे बूट ओढत त्या लांब पॅसेजमधून चालत गेलास, ते वाचताना माझ्या पोटात कालवलं. आतलं यार्ड ३८ पावलांचं, ३८ जायची ३८ यायची, रोज १२५ फेऱ्या, पाऊस असला तरी, आणि एकाच कोपऱ्यात वळताना भिंतीला घासून घासून तुझ्या शर्टाचा डावा खांदा विरला. ते सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. रात्रीची मोजणी, लोखंडी दाराचा आवाज, शेजारच्याचं झोपेत बडबडणं, कशावर लिहिलं नाहीस तू, चार पानं भरलीस.

आणि तुझ्या गाडीखाली आलेल्या माणसावर किती लिहिलंस? अर्धी ओळ. "ज्यांना लागलं ते आता बरे आहेत असं ऐकलंय." तिसऱ्यांदा मी हेच शोधत होते, म्हटलं कदाचित माझ्या नजरेतून सुटलं असेल, पण नाही, तेवढंच आहे.

ऐकलंयस कोणाकडून? बरे म्हणजे किती बरे? जिना चढता येतो का, कामावर परत गेले का, सायकल पुन्हा चालवता येईल का? तुला यार्डची पावलं तोंडपाठ आहेत, पण तो माणूस काठी कुठल्या हातात धरतो ते माहीत नाही. तुला टोचून बोलायचं म्हणून हे लिहीत नाहीये रे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला याच अर्ध्या ओळीत दिसतंय म्हणून लिहितेय. तू काय शिकलास ते तुला कळत नाहीये कारण तू धडा चुकीच्या जागी शोधतोयस. तू तो त्या दोन वर्षांत शोधतोयस. तो तिथे नाहीये, तो त्याच्या आधी आहे, त्या रात्री.

मी सहा वर्षं दर गुरुवारी एका तुरुंगात लिहिण्यावाचण्याचा वर्ग घ्यायला जायचे. तिथे एक बॉक्सर होता, बऱ्यापैकी नाव कमावलेला, भांडणात एकाला इतकं मारलं की त्याची एका डोळ्याची नजर गेली. हा माणूस आत सगळ्यांचा आदर्श, पहाटे उठणार, शेकड्याने जोर काढणार, नव्या पोरांना व्यायाम शिकवणार, कोणाच्या अध्यात मध्यात नाही. अधिकारी लोक मला कौतुकाने सांगायचे, बघा किती सुधारलाय. एकदा मी वर्गात म्हटलं की प्रत्येकाने ज्याचं आपल्या हातून नुकसान झालं त्याला पत्र लिहायचं, पाठवायचं नाही, नुसतं लिहायचं. बाकीच्यांनी काही ना काही खरडलं. हा पठ्ठ्या तासभर पेन धरून बसला, कागदावर फक्त तारीख. पुढच्या गुरुवारी तारीख आणि नमस्कार. तिसऱ्या गुरुवारी एक पान भरलं आणि त्यात सात वेळा 'पण' होतं, मी चुकलो पण त्याने आधी शिवी दिली, मी चुकलो पण मला तेव्हा टेन्शन होतं, मी ते सात 'पण' नुसते गोल करून परत दिले. पाचव्या आठवड्याला त्याने चार ओळी लिहून आणल्या, एकही 'पण' नव्हता, आणि वाचून दाखवताना त्याचा कागद असा थरथरत होता की शेवटी त्याने तो बाकावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरला. ज्या हातांनी तो शेकड्याने जोर काढायचा ते हात.

तेव्हा मला समजलं की खेळाडूला तुरुंग सोसणं आणि केलेल्या गोष्टीला सामोरं जाणं यात किती अंतर आहे. सोसणं तुम्हाला येतं. तुमचं सगळं आयुष्यच त्यात गेलंय, दुखतंय तरी पळायचं, फेऱ्या मोजायच्या, शेवटची तारीख डोळ्यासमोर ठेवायची आणि तिथपर्यंत दम टिकवायचा. तू तुरुंग एका सीझनसारखा काढलास. मी त्याला नावं ठेवत नाही, त्यानेच तू शाबूत राहिलास, कितीतरी जण आत मोडून पडतात. पण १२५ फेऱ्या म्हणजे पश्चात्ताप नव्हे. तुला ते मनात कुठेतरी माहीत आहे, म्हणूनच स्टेजवर जायला पाय उचलत नाहीये, आणि तुझा हा संकोच मला तुझ्या बाकी सगळ्या पत्रापेक्षा जास्त आवडला.

आता टोनी ॲडम्सचं सांगते कारण त्याची गोष्ट तुझ्या गोष्टीला फार जवळची आहे. इंग्लंडचा फुटबॉलर, आर्सेनलचा कॅप्टन. १९९० मध्ये दारू पिऊन गाडी भिंतीवर घातली, डिसेंबरमध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, निम्मी भोगून १९९१ च्या सुरुवातीला बाहेर आला. क्लब त्याच्या पाठीशी होता, लोकांनी टाळ्यांनी स्वागत केलं, त्याच सीझनला आर्सेनलने लीग जिंकली. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असेल? पोरगा धडकला, शिकला, उभा राहिला, संपली गोष्ट. पण ती संपलेली नव्हती, तो त्यानंतरही पीतच राहिला, एक दोन महिने नाही, पाच वर्षांहून जास्त. 'मी अल्कोहोलिक आहे' असं त्याने उघडपणे सांगितलं ते १९९६ च्या सप्टेंबरमध्ये. तुरुंगातून सुटल्याला तेव्हा साडेपाच वर्षं झाली होती! त्यानंतर तो दारूशिवाय खेळला, १९९८ ला आणि २००२ ला कॅप्टन म्हणून लीग आणि कप दोन्ही उचलले, आणि २००० मध्ये व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स नावाची संस्था काढली. आता सांग, त्याला तुरुंगाने शिकवलं का? माझ्या मते नाही. तुरुंगाने त्याला फक्त थोडे दिवस बाटलीपासून लांब ठेवलं. शिकला तो त्या दिवशी ज्या दिवशी चारचौघांत खरं बोलला.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पत्राच्या दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस "दारू तर आत गेल्यावर सुटलीच" आणि शेवटच्या पानावर, अगदी खाली, जागा संपत आली तिथे बारीक अक्षरात, "परवा मित्राकडे एक बिअर घेतली, एकच." भाऊ, आत दारू मिळत नव्हती, याला सुटणं म्हणत नाहीत. आणि मोजून एक घेतली हे तू मला का सांगितलंस? मी विचारलं नव्हतं. तुलाच ते खुपतंय म्हणून सांगितलंस. तेव्हा या आठवड्यात, पुढच्या नाही, दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडे जा किंवा जिथे असे लोक एकत्र बसून बोलतात त्या मीटिंगला जा, मागच्या खुर्चीत बस, काही बोलू नकोस हवं तर, पण जा. तुझ्या बायकोला त्या बिअरबद्दल माहीत आहे का? नसेल तर आज सांग, तिला दुसऱ्याकडून कळायच्या आत.

अजून एक ओळ आहे जिच्यावर मी बराच वेळ थांबले. तू म्हणतोस की रात्री कधी कधी आतलं आयुष्य बरं वाटतं, आणि हे कोणाला सांगायची लाज वाटते. लाज कसली? मला तर हे अगदी समजतं. तू बारा वर्षांचा असताना होस्टेलवर गेलास. कधी उठायचं, काय खायचं, किती पळायचं, दिवे किती वाजता बंद, सगळं कोच ठरवणार. मग मोठा झालास तर तिकिटं मॅनेजर काढणार, टॅक्सचं कोणीतरी बघणार, बॅग कोणीतरी उचलणार. मग तुरुंग, तिथेही घंटा दुसऱ्याच्या हातात. आज चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तुझ्यासमोर अख्खा दिवस उघडा पडलाय आणि त्यात काय भरायचं ते तूच ठरवायचंय, साधं बँकेचं पासवर्डचं काम करायला गेलास तर घाम फुटला असं लिहिलंयस, फुटणारच की! हे काम कोणी तुला कधी करूच दिलं नाही. लोकांना वाटतं स्टार म्हणजे फार मोठा माणूस, पण स्टार होण्याच्या नादात कित्येकांचं साधं मोठं होणंच राहून जातं. म्हणून आता ते कर. बँकेच्या रांगेत स्वतः उभा राहा, फॉर्म स्वतः भर, चुकला तर परत भर, आणि कोणी ओळखून पुढे बोलावलं तर जाऊ नकोस. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

कारण ओळखून पुढे बोलावणं, यातूनच तर सगळं झालं ना? तू ओझरतं लिहिलंयस, पण मी त्या ओळींखाली पेन्सिलने दोन रेघा मारल्यात. त्या रात्रीच्या आधी दोनदा तुला पिऊन गाडी चालवताना अडवलं होतं, आणि दोन्ही वेळा अडवणाऱ्याने तुझ्यासोबत सेल्फी काढून सोडून दिलं. दोनदा! तिथे दुसरा कोणी असता तर पहिल्याच वेळी लायसन्स गेलं असतं, दंड झाला असता, घरी बोलणी खाल्ली असती, आणि ते काका आज दोन्ही पायांवर कामाला गेले असते. तुझ्यावर त्या लोकांनी जे पांघरूण घातलं त्याची किंमत त्यांनी मोजली नाही, तूही पूर्ण मोजली नाहीस, ती त्या सायकलवाल्याने मोजली.

आणि पांघरूण आतही होतंच की. तुला बरी बराक मिळाली, क्रीडास्पर्धेत पळायला लावलं, बक्षीस तुझ्याच हस्ते दिलं. स्टारपण गेटवर जमा करून घेत नाहीत. ब्राझीलचा फुटबॉलर रोनाल्डिन्होचं आठवत असेल तुला, २०२० च्या मार्चमध्ये बनावट पासपोर्टच्या प्रकरणात पॅराग्वेच्या तुरुंगात महिनाभर होता, तर तिथे कैद्यांची फुटबॉल स्पर्धा झाली, हा खेळला आणि याची टीम जिंकली. जगभर लोकांनी ते हसत हसत शेअर केलं. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण एवढं नक्की की त्यात तुरुंग बाजूला राहतो आणि हिरो पुढे येतो. तुझ्या भाषणाचंही हेच होईल ही मला भीती आहे. तू ३८ पावलांचं सांगशील, नाड्यांचं सांगशील, पोरं श्वास रोखून ऐकतील, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवतील, आणि घरी जाताना त्यांच्या डोक्यात काय राहील? की काय जबरदस्त माणूस आहे, जेलमध्ये पण पळत होता. म्हणजे तू पुन्हा हिरो. आणि तो माणूस पुन्हा अर्धी ओळ.

म्हणून मी म्हणते की त्या दोन वर्षांचं सांगू नकोस. पार्टीतून उठलास तिथपासून गाडी सुरू केलीस तिथपर्यंतची दहा मिनिटं सांग. मिनिटाला मिनिट. कोणी म्हणालं का की टॅक्सीने जा? तू काय उत्तर दिलंस? गाडीची किल्ली कुठून आली? तू लिहितोस की एका मित्राने किल्ली खिशात लपवली होती आणि तू ती मागून घेतलीस. मागून घेतलीस म्हणजे कशी, हसत, चिडून, 'तुला माहितीये मी कोण आहे' असं म्हणून? त्याने दिली का? त्याला नाही म्हणायचं धाडस का झालं नाही? त्या क्षणी तुझ्या मनात त्या दोन सेल्फी होत्या का? माझी खात्री आहे की होत्या. तिथेच धडा आहे रे, तो तुला तुरुंगात सापडणार नाही कारण तो तिथे राहिलेलाच नाही, तो त्या पार्किंगमध्ये पडलाय.

अमेरिकन धावपटू मॅरियन जोन्सची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. तू ट्रॅकवरचा माणूस आहेस, तुला वेगळं सांगायला नको, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पाच मेडल्स, तीन गोल्ड. पुढे तपास अधिकाऱ्यांनी बोलावून स्टिरॉइड्सबद्दल विचारलं तेव्हा ती खोटं बोलली, एका चेकच्या फसवणूक प्रकरणातही खोटं बोलली, २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, सगळी मेडल्स गेली, २००८ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा भोगायला टेक्सासच्या तुरुंगात गेली. बाहेर आल्यावर तिने तरुण मुलांसमोर बोलायला सुरुवात केली आणि तिचा भर असायचा तो त्या खोलीतल्या क्षणावर, की मोठा निर्णय घ्यायच्या आधी थांबा, त्याक्षणी थोडा वेळ मागून घेतला असता, जवळच्या कोणाशी बोलले असते, तर खोटं बोलले नसते. बघ, तिच्याकडेही तुरुंगाच्या गोष्टी होत्याच सांगायला. पण पोरांच्या उपयोगाचा तो एक क्षण आहे, कारण पोरांच्या आयुष्यात तसा क्षण उद्या परवा येणार आहे. तुरुंग देव करो आणि कोणाच्या वाट्याला न येवो.

तिच्या गोष्टीतला अजून एक तुकडा आहे जो लोक विसरतात. रिलेमधल्या तिच्या सोबतच्या मुलींचीही मेडल्स काढून घेतली होती. त्यांना लढावं लागलं, केस चालवावी लागली, २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि मेडल्स त्यांच्याकडेच राहिली. दुसरीच्या चुकीपायी त्यांच्या आयुष्यातली ती दोन वर्षं गेली. म्हणजे आपण पडतो तेव्हा एकटे पडत नाही. तुझ्या बाबतीत तर तुझ्यासोबत कोण कोण पडलं याची यादी तू करच, बायको आहे, ट्रॅकवर तुझं नाव सांगून पळणारी पोरं आहेत, तो किल्ली देणारा मित्र आहे जो तू लिहितोस की आता फोन उचलत नाही. का उचलत नाही याचा विचार केलास का? मला वाटतं त्याला त्या रात्रीची झोप अजून लागलेली नाही.

मग जाऊ की नको? जा, पण आत्ता नाही. कोचना सांग की सर, मला काही महिने द्या. त्यांना आधी सांग, बहाणा करू नकोस, सरळ सांग की मी अजून तयार नाही. ते तुझे सर आहेत, समजून घेतील, आणि नाही घेतलं तरी ठाम राहा, लोक बोलावतात म्हणून जायची सवय तुला मोडायचीच आहे.

मधल्या काळात त्या काकांचं काय करायचं ते नीट ऐक, कारण इथे लोक भावनेच्या भरात फार चुका करतात. तडक त्यांच्या घरी जाऊ नकोस. फुलं नको, फळं नको, कॅमेरा तर मुळीच नको. तुझ्या सुटकेच्या अटींमध्ये त्यांच्याशी संपर्क करायला बंदी आहे का ते आधी वकिलाला विचार. नसेल तर वकिलामार्फत किंवा मध्यस्थामार्फत एक निरोप जाऊ दे, की मला माफी मागायची आहे, तुमची इच्छा असेल तरच, आणि इच्छा नसेल तर मी पुन्हा विचारणार नाही. काही देशांत यासाठी रीतसर व्यवस्थाच आहे, दोघांना तयार करून, मध्ये जाणता माणूस बसवून भेट घडवतात, तुझ्याकडे तशी सोय असेल तर ती वापर. ते नाही म्हणू शकतात. तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्या दारात रडून त्यांच्याकडून 'जाऊ दे बेटा' वदवून घेणं हे माफी मागणं नाही, ते अजून एक ओझं त्यांच्या अंगावर टाकणं आहे. आणि पैशाचं बघ. कोर्टाने सांगितलेली भरपाई दिलीस, ठीक, पण त्या पायाचा खर्च कोर्टाच्या निकालाच्या दिवशी थांबला नाही. जेवढं जमेल तेवढं, नाव न पुढे करता, वकिलामार्फतच. त्यांनी माफ केलं तरी दे, नाही केलं तरी दे.

आणि पत्र लिही. त्या बॉक्सरसारखं. पाठवायचं नाही अजून, नुसतं लिही आणि 'पण' आला की गोल कर. एका बैठकीत जमणार नाही. तुला घाई आहे मला दिसतंय, तू प्रत्येक परिच्छेदात 'आता लवकरात लवकर' लिहिलंयस. बर्नार्ड हॉपकिन्स नावाचा अमेरिकन बॉक्सर आहे, जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात होता, १९८८ मध्ये सुटला, त्याच वर्षी पहिली प्रोफेशनल फाइट हरला, मग वर्षभराहून जास्त काळ रिंगणात उतरलाच नाही. वर्ल्ड टायटल मिळालं १९९५ मध्ये. पण त्याच्या टायटलपेक्षा मला हे जास्त मोठं वाटतं की सुटकेनंतरची कित्येक वर्षं पॅरोलच्या अटी पाळत काढली आणि परत आत गेला नाही. त्याचं रोजचं साधं जगणं कोणी बघायला आलं नव्हतं. तुझंही पुढची काही वर्षं तेच असणार आहे.

क्रिकेट बघत असशील तर पाकिस्तानचा बोलर मोहम्मद आमिर आठवेल. अठरा वर्षांचा पोरगा, २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैशासाठी नो बॉल टाकले, २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्याने गुन्हा कबूल केला होता, आणि नंतर आयसीसीने त्याला बंदी संपायच्या थोडं आधी देशांतर्गत क्रिकेट खेळू दिलं तेव्हा कारण हेच दिलं की त्याने सगळं सांगितलं, तपासाला मदत केली. २०१६ मध्ये तो परत आला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये त्याने आपले पहिले तीन जण काढले ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्याला परत घ्यायला नको होतं म्हणणारे लोक आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. तू कितीही केलंस तरी तुझ्याबद्दलही काही लोक कायम तसंच म्हणतील. त्यांचं मत बदलायच्या मागे लागू नकोस, तेवढी ताकद मीटिंगला जायला ठेव.

पत्रात मधेच एक वाक्य आहे, "कधी वाटतं संपवावं सगळं." हे थकव्याने लिहिलंयस की खरंच मनात येतं ते मला इथून कळत नाही, म्हणून मी ते खरंच धरून चालते. असा विचार आला तर त्याच रात्री बायकोला उठवून सांग, सकाळची वाट बघू नकोस, आणि डॉक्टरकडे जाशील तेव्हा दारूच्या आधी हे सांग. माझा पत्ता तुझ्याकडे आहेच, पण मी उत्तर द्यायला दिवस लावते, ती शेजारी आहे.

सहा महिन्यांनी, आठ महिन्यांनी, जेव्हा तुझ्या पत्रात 'पण' उरणार नाही तेव्हा ट्रॅकवर जा. स्टेज नको, माईक नको, त्यांच्या सरावानंतर गवतावर गोल करून बसा. वीस मिनिटं पुरेत. त्या काकांबद्दल सांग, त्यांच्या परवानगीशिवाय ओळख पटेल असं काही नको, पण इतकं सांग की पोरांना तो माणूस दिसला पाहिजे, रात्रभर काम करून घरी निघालेला. सेल्फीचं सांग, जरूर सांग, कारण त्या गोलात एखादी मुलगी किंवा मुलगा असा बसलेला असेल ज्याच्यावर आत्ताच पांघरूण घालणं सुरू झालंय, शाळेत हजेरी माफ, उद्धटपणा माफ, मेडल आणतो ना मग जाऊ दे. त्याला ते ऐकू जाईल. आणि त्याच्या शेजारी त्याचा असा एखादा मित्र बसलेला असेल ज्याला उद्या किल्ली खिशात धरून ठेवायचीय, त्यालाही.

पोरं सगळ्यात आधी विचारतील की जेलमध्ये मारतात का, झोपतात कुठे, भीती वाटली का. विचारू दे, खोटं सांगू नकोस, एका वाक्यात उत्तर दे आणि परत पार्किंगमध्ये ये. आणि किल्लीचं सांगशील तेव्हा मित्राचं नाव घेऊ नकोस, फक्त एवढं म्हण की त्याने लपवली होती आणि मी मागून घेतली.

तुझी,
ताई